पत्त्यावर पाठवलेलं बंड

स्पाइस गर्ल्स या ब्रिटिश पॉप गटाने १९९६मध्ये 'गर्ल पॉवर' ही घोषणा जगभर नेली. वर्षभरात ती टी-शर्टांवर आली, बाहुल्यांच्या खोक्यांवर आली, शीतपेयाच्या जाहिरातींबरोबर घराघरांत शिरली. त्याच्या पाच वर्षं आधी, १९९१मध्ये, 'बिकिनी किल' या अमेरिकी पंक बँडमधल्या मुलींनी आपल्या झेरॉक्स पुस्तिकेच्या दुसऱ्या अंकावर हेच दोन शब्द घातले होते. त्यांच्याभोवती उभी राहिलेली पंक मुलींची चळवळ म्हणजे रायट गर्ल. तिची गोष्ट सांगायला बसलं की ही जोडी हटकून येते, आणि तिच्यामागून एक उसासाही येतो: बघा, बाजाराने बंड गिळलं.

मला हा उसासा आळशी वाटतो. दोन शब्दांत मावणारी गोष्ट कोणी ना कोणी उचलणारच, घोषणा असते ती उचलण्यासाठीच. विचारायला हवं ते वेगळंच. त्या मुलींनी जे केलं त्यातलं काय कोणालाही उचलता आलं नाही, आणि का? याचं उत्तर मला त्यांच्या गाण्यांत सापडत नाही, जाहीरनाम्यातही नाही. ते टपालात आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑलिंपिया ही अमेरिकेच्या वायव्येकडल्या वॉशिंग्टन राज्याची राजधानी, पण त्या काळी वस्ती पस्तीस हजारांच्याही आतली. तिथल्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात गुणपत्रिका नसते, विद्यार्थ्याच्या कामावर अध्यापक लेखी अभिप्राय देतात. अशा कॉलेजात जरा वेगळ्या डोक्याची मुलं जमतात, तशी ती जमली होती. टोबी व्हेलने १९८८च्या सुमाराला 'जिगसॉ' हे झीन, म्हणजे स्वतः लिहून झेरॉक्स केलेली पुस्तिका, सुरू केलं. कॅथलीन हॅना छायाचित्रण शिकत होती, आणि घरातल्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांसाठी चालवल्या जाणाऱ्या केंद्रात काम करत होती. या दोघींनी कॅथी विलकॉक्स आणि बिली कॅरेन यांच्यासोबत १९९०मध्ये बिकिनी किल उभा केला. चौघांत एकटा बिली पुरुष. तिकडे शेजारच्या ऑरेगनमध्ये शिकणाऱ्या अ‍ॅलिसन वुल्फ आणि मॉली न्यूमन यांनी 'गर्ल जर्म्स' नावाचं झीन काढलं. आपला 'ब्रॅटमोबाइल' नावाचा बँड आहे, अशी थाप त्या सगळीकडे मारत होत्या. ऑलिंपियाच्या कॅल्विन जॉन्सन या संगीतकाराने त्यांना खरोखरच कार्यक्रमाला बोलावलं, तेव्हा धावपळ करून गाणी रचावी लागली. ही थाप मला फार आवडते. कागदावर आधी जगायचं आणि मग त्या कागदाला शोभेल असं वागायचं, हा त्या चळवळीचा स्वभावच होता.

१९९१च्या उन्हाळ्यात ही मंडळी वॉशिंग्टन डीसीत होती. मे महिन्यात तिथल्या माउंट प्लेझंट वस्तीत पोलिसांविरुद्ध दंगल उसळून गेली होती. आता मुलींचीही एक दंगल व्हायला हवी, अशी कल्पना जेन स्मिथ या मैत्रिणीने मांडली आणि जुलैत 'रायट गर्ल' नावाची इवलीशी पत्रिका निघाली. शहराला लागून असलेल्या आर्लिंग्टनमध्ये पॉझिटिव्ह फोर्स या पंक कार्यकर्त्यांच्या गटाचं घर होतं. तिथे फक्त मुलींच्या साप्ताहिक बैठका सुरू झाल्या. ऑगस्टमध्ये ऑलिंपियात स्वतंत्र बँडांचं मोठं संमेलन भरलं. त्याची पहिली रात्र मुलींच्या बँडांसाठी राखली होती. मग ऑक्टोबर आला. कायद्याची प्राध्यापक अनिता हिल चौदा पुरुषांच्या सिनेट समितीसमोर बसली, आणि न्यायमूर्तिपदासाठी नाव आलेल्या क्लॅरेन्स थॉमस यांनी आपला लैंगिक छळ केला अशी साक्ष देताना साऱ्या देशाने तिला टीव्हीवर पाहिलं. थॉमस ५२ विरुद्ध ४८ मतांनी सर्वोच्च न्यायालयात गेले. रीतसर मार्गाने, योग्य जागी, योग्य भाषेत बोलणाऱ्या बाईचं काय होतं, ते वयात येणाऱ्या मुलींनी त्या आठवड्यात पाहून घेतलं.

पंकच्या जगातही वेगळं काही नव्हतं. हार्डकोर पंकच्या कार्यक्रमात मंचासमोरचा भाग म्हणजे धक्काबुक्कीचं मैदान, आणि ते मुलांचं. मुली मागे भिंतीला टेकून मित्रांचे कोट सांभाळत उभ्या. हॅना माइकवरून मुलींना पुढे यायला सांगे आणि मुलांना मागे सरकायला लावी. गाण्यांचे शब्द छापलेले कागद मुलींच्या हातात दिले जात. या कृतीबद्दल खूप लिहिलं गेलंय, ती फोटोतही चांगली दिसते. पण कार्यक्रम दोन तासांत संपतो आणि गावोगाव होत नाही. आयोवातल्या किंवा न्यू जर्सीतल्या चौदा वर्षांच्या मुलीला पुढे बोलावणारं कोणी नव्हतं. तिच्यापर्यंत पोहोचलं ते झीन.

साधा कागद मधोमध दुमडला की पुस्तिकेची चार पानं होतात. त्यावर टाइपरायटरने, मार्करने, नाहीतर निव्वळ हाताने लिहायचं. खोडलेलं खोडलेलंच ठेवायचं. १९५०च्या दशकातल्या गृहिणींच्या जाहिराती, शाळेच्या वार्षिकातले फोटो, औषधांच्या पत्रकातली चित्रं कापून डिंकाने चिकटवायची. मग झेरॉक्स. कॉपीच्या दुकानात रात्रपाळीला ओळखीचं कोणी असेल तर फुकट. नाहीतर आई-वडिलांच्या किंवा स्वतःच्या कचेरीतल्या मशीनवर, साहेब घरी गेल्यावर. मशीन करडा रंग धड उमटवत नाही, एकतर काळं काढतं नाहीतर पांढरं. आज फॅशनच्या दुनियेत नक्कल होते ती झीनची रांगडी काळी-पांढरी शैली बऱ्याच अंशी यंत्राच्या या खोडीतून आली. सौंदर्यशास्त्र वगैरे नंतर चिकटलं. शेवटी पाठीत दोन पिना ठोकायच्या.

किंमत एक डॉलर, किंवा टपालाची दोन-तीन तिकिटं, किंवा तुझं स्वतःचं झीन असेल तर अदलाबदल. ही तिसरी सोय मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात वाचकाला लेखक होण्याचं आमंत्रण आहे. नोट पाकिटातून दिसू नये म्हणून कागदात गुंडाळून पाठवायची. आणि बहुतेक झीनांच्या शेवटच्या पानांवर इतर झीनांची नावं, दोन ओळींची शिफारस आणि पत्ते असत. एक झीन मागवलं की दहांचे पत्ते हाती येत. या पसाऱ्याला एक ठिकाण असावं म्हणून एरिका राइनस्टीन आणि मे समर यांनी १९९३मध्ये 'रायट गर्ल प्रेस' सुरू केलं. मूळ प्रत त्यांच्याकडे पाठवायची, मागणीप्रमाणे त्या झेरॉक्स काढून पोस्टाने धाडणार. भांडवल जवळजवळ शून्य.

स्वस्त छपाई आली आणि मुली बोलू लागल्या, असं सोपं समीकरण कोणी मांडलं तर ते मात्र मान्य करू नये. मार्क पेरीने लंडनमध्ये 'स्निफिन ग्लू' हे पंक झीन १९७६मध्येच काढलं होतं, आणि त्याही आधी १९३०च्या दशकापासून विज्ञानकथांचे शौकीन अशा पुस्तिका काढत होते. आपल्याकडे मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यावर 'शब्द' सायक्लोस्टाइलवर काढलं आणि लघुअनियतकालिकांची सारी चळवळ त्या वाटेने गेली. यांतल्या प्रत्येक ठिकाणी यंत्र स्वस्त होतं, बाणा बंडखोर होता आणि हँडल फिरवणारे हात बहुतांशी पुरुषांचे होते. यंत्र कोणाची बाजू घेत नाही. रायट गर्लने त्या यंत्रातून काढलेल्या कागदाचं पुढे काय करायचं, याचा नियम बदलला. पुरुषांच्या बंडखोर नियतकालिकाला प्रस्थापित साहित्याला किंवा संगीताला हलवायचं असतं. त्याचे वाचक शंभर असले तरी त्याची नजर तटापलीकडच्या राजवाड्यावर असते. त्या मुलींच्या झीनला राजवाड्याशी कर्तव्य नव्हतं. ते दुसऱ्या एका मुलीला लिहिलेलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. पंधरा वर्षांच्या मुलीवर नात्यातल्या माणसाने हात टाकला, तर १९९०च्या अमेरिकेत ती कोणाला सांगू शकत होती? घरी सांगितलं तर घर फुटणार. शाळेतल्या समुपदेशकाला सांगितलं तर तो पुढे कळवणार आणि गोष्ट तिच्या हातातून जाणार. पोलीस पुरावा मागणार. मुलींच्या मासिकातल्या सल्ल्याच्या सदराला लिहिलं तर तिचं दुःख तीन ओळींत छापून येणार, खाली तज्ज्ञांचं उत्तर. या प्रत्येक ठिकाणी बोलण्याची किंमत एकच आहे: बोलल्यानंतर तुझ्या बोलण्यावर तुझा ताबा राहत नाही. झीनमध्ये तो राहतो. पन्नास प्रती काढायच्या की दोनशे, हे ती ठरवते. मागणीचं पत्र आलं तर ते वाचते, आवडलं नाही तर पाठवत नाही. पुढच्या अंकात मागचं म्हणणं मागे घेते. गावातल्या कोणाला द्यायचं नाही आणि तीन हजार किलोमीटरवरच्या अनोळखी मुलीला द्यायचं, हेही तीच ठरवते. आपण सहसा आवाज किती लांब पोहोचला यावरून त्याची ताकद मोजतो. इथे ताकद होती ती आवाज कुठे थांबवायचा हे हातात असण्यात.

आणखी एक गोष्ट. स्त्रीवादाचं तोवरचं बहुतेक लिखाण प्रौढ बायकांनी मागे वळून केलेलं होतं. मुलगीपण त्यात आठवण म्हणून येई, त्यावर नंतरच्या शहाणपणाचा थर चढलेला असे. पंधराव्या वर्षाचं पंधराव्या वर्षीच लिहिलेलं, तेही छापील अवस्थेत आणि दुरुस्तीविना, त्याआधी फारसं सापडत नाही. त्यामुळे झीनांत बालिशपणा आहे, चुकीचं स्पेलिंग आहे, एका पानावर क्रांती आणि पुढच्या पानावर आवडत्या गायकावरचं प्रेम आहे. हॅनाने तर एका झीनच्या नावातच त्या काळच्या लाडक्या पॉपस्टारला ओढलं आणि चाहतीच्या वेडाचा पार कीस काढला. नोमी लॅम यांच्या झीनांनी जाड शरीराबद्दलची घृणा हा राजकीय प्रश्न आहे असं ठणकावून सांगितलं, तेव्हा त्यांचं वय विशीच्या आत-बाहेरचं होतं. विद्यापीठांत हा विषय रुळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

यावरचा जुना आक्षेप मी हलका मानत नाही. या चळवळीने एकही कायदा बदलला नाही, एकही संघटना उभी केली नाही. आपापल्या जखमा एकमेकींना दाखवणं म्हणजे राजकारण नव्हे, असं डाव्यांमधले आणि जुन्या पिढीतल्या स्त्रीवाद्यांमधलेही काही जण म्हणत आले. त्यात तथ्य आहे. गर्भपाताच्या हक्कावर १९९२मध्ये सर्वोच्च न्यायालयात खटला चालू असताना झीनांचं वजन न्यायालयाच्या तराजूत पडलं नाही. पण हा आक्षेप घेणारे एक गृहीत धरतात, की राजकारण करणारी व्यक्ती आधीच तयार आहे, तिने फक्त योग्य काम निवडायचं. 'हे माझ्या एकटीचं नाही' हे कळण्यापूर्वीची मुलगी कोणत्या मोर्चात जाईल? १९७०च्या दशकात अमेरिकी बायका दिवाणखान्यांत जमून हेच करत होत्या, आणि त्यातून मग संघटना निघाल्या. रायट गर्लने तो दिवाणखाना पाकिटात घातला, कारण तिच्या सदस्यांना स्वतःचा दिवाणखाना नव्हता. आईच्या घरातली एक खोली होती, तीही बऱ्याचदा वाटून घेतलेली.

आता प्रसारमाध्यमांचं प्रकरण. जुलै १९९२च्या अखेरीस वॉशिंग्टन डीसीत पहिलं रायट गर्ल संमेलन भरलं. 'यूएसए टुडे'ची पत्रकार तिथे पोहोचली, ऑगस्टमध्ये लेख आला, नोव्हेंबरमध्ये 'न्यूजवीक'ही आलं. कपडे कसे, पायमोजे कुठवर, अंगावर मार्करने कोणते शब्द लिहिलेत, याची वर्णनं भरपूर. अंगावर आपल्यालाच दिल्या जाणाऱ्या शिव्या लिहिण्यामागची धग मात्र मथळ्यांत गंमत होऊन बसली. वैतागून मुलींनी ठरवलं, की मोठ्या माध्यमांशी बोलायचंच नाही. चळवळीच्या इतिहासात हा बहिष्कार म्हणजे ताठ कण्याची खूण मानला जातो, आणि चळवळीची फजिती म्हणूनही दाखवला जातो, कारण त्या बोलल्या नाहीत तरी लेख येतच राहिले, फक्त अधिक चुकीचे. मला तो बहिष्कार झीनच्या तर्कातूनच सरळ निघालेला वाटतो. वाचक कोण असावा हे आम्ही ठरवू, हे एकदा स्वीकारलं की लाखो अनोळखी वाचकांसमोर आपली ओळख करून देण्यात अर्थ उरत नाही.

पण या शुद्धतेच्या कथेत एक खडा आहे, आणि तो लपवू नये. 'सॅसी' हे मुलींचं खपाचं मासिक होतं, १९८८मध्ये सुरू झालेलं, सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींवर चालणारं. जेन प्रॅट त्याची संपादक. या मासिकाने महिन्याला एक झीन निवडून त्याची माहिती पत्त्यासकट छापायला सुरुवात केली. पुढे ब्रॅटमोबाइलमध्ये गिटार वाजवणारी एरिन स्मिथ 'टीनेज गँग डेब्स' हे झीन काढायची, आणि ती 'सॅसी'त उमेदवारीही करत होती. ज्या उपनगरी मुलींच्या आयुष्यात पंकचं दुकान नव्हतं, कॉलेज रेडिओ नव्हता, त्यांच्यातल्या कित्येकींच्या हाती पहिला पत्ता या गुळगुळीत मासिकातून पडला. म्हणजे बाजाराबाहेरच्या टपालाला वाचक मिळाले ते बाजाराच्याच पाठीवर बसून. 'न्यूजवीक' आणि 'सॅसी' यांच्यात भेद होता तो एवढाच, की 'न्यूजवीक'ने चळवळीबद्दल सांगितलं आणि 'सॅसी'ने पत्ता दिला. माझ्या मते भेद एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

मात्र पत्त्याच्या या राजकारणाची दुसरी बाजूही आहे. पाकीट कोणाला पाठवायचं हे मी ठरवणार असेन, तर मी ते माझ्यासारख्याच कोणाला तरी पाठवण्याची शक्यता मोठी असते.

रामदाशा बिकसीम ही न्यू जर्सीतली काळी मुलगी, स्केटबोर्ड चालवणारी, बँडमध्ये असलेली. शाळेत असतानाच तिने 'गंक' हे झीन सुरू केलं. डीसीच्या १९९२च्या संमेलनाला ती गेली होती. तिथे वंशभेदावरही एक सत्र होतं. 'गंक'च्या चौथ्या अंकात तिने त्या अनुभवावर लिहिलं: ही चळवळ गोऱ्या, मध्यमवर्गीय पंक मुलींपुरती मिटत चालली आहे, आणि बंडखोर दिसण्याची चैनही सगळ्यांना सारखी परवडत नाही. विस्कटलेल्या कपड्यांतली गोरी मुलगी रस्त्यात लोकांना पंक वाटते. तेच कपडे घातलेल्या काळ्या मुलीकडे लोक आणि पोलीस वेगळ्याच नजरेने पाहतात.

यातलं दुखणं फक्त संख्येचं नव्हतं. काळ्या, आशियाई, लॅटिना मुली कमी होत्या, त्यांना आणखी बोलवा, एवढ्याने ते मिटणारं नव्हतं. रायट गर्लचा पायाच जवळिकीवर होता: तू मला मनातलं सांग, मी तुला सांगते, मग आपण एक. समोरची जर आपल्याच घरासारख्या घरातून आलेली असेल तर हे छान चालतं. नसेल तर काय होतं, ते त्या काळच्या झीनांच्या पानापानांवर दिसतं. गोरी मुलगी आपल्या मनातल्या वंशद्वेषाची कबुली देते, तिच्या परीने प्रामाणिकपणे. पण कबुली ऐकायला कोणी लागतं, आणि ते काम आपोआप गोऱ्या नसलेल्या वाचकाकडे येतं. तिने ऐकायचं, समजून घ्यायचं, जमल्यास माफ करायचं. मोबदल्यात तिला मैत्री मिळणार. मैत्री हाच राजकारणाचा पाया असेल तर तक्रार करणारी प्रत्येक जण मैत्रीद्रोही ठरते.

हे सगळ्यांत धारदारपणे मांडलं ते मिमी थी न्विन हिने. व्हिएतनामी वंशाची ही पंक कार्यकर्ती पुढे विद्यापीठात अध्यापक झाली. १९९७मध्ये तिने 'इव्होल्यूशन ऑफ अ रेस रायट' हे संकलन काढलं. पंकच्या जगातल्या गोऱ्या नसलेल्या मुलामुलींचे लेख, पत्रं, चित्रं, संताप, सगळं एकत्र, त्याच झेरॉक्सवर. गोऱ्या पंक वाचकांना समजावून सांगण्याचा सूर त्यात नाही, ते एकमेकांशी बोलतात. म्हणजे रायट गर्लने गोऱ्या मुलींसाठी केलेली गोष्टच तिने रायट गर्लच्या विरोधात वापरली: वाचक बदलला, पत्ता बदलला. दुसरा भाग २००२मध्ये आला. न्यू यॉर्कमध्ये साब्रिना मार्गारिटा अल्कांतारा-तान ही 'बांबू गर्ल' काढत होती, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस तमर-काली व तिच्या सोबतिणींनी काळ्या पंक गायिकांचे 'सिस्टा गर्ल रायट' हे कार्यक्रम केले. नावातला टोला उघड आहे.

चळवळीचा खरा वारसा मी या टीकाकारांकडे देतो. इतिहास मात्र वेगळा सांगितला जातो, आणि न्विनने २०१२च्या एका निबंधात नेमकं हेच पकडलं. आधी चळवळ होती, मग मध्ये वंशाचा प्रश्न आला, वाद झाले, त्यातून चळवळ शिकली आणि पुढे गेली, असा क्रम लावला की काळ्या-सावळ्या बायका इतिहासात फक्त अडथळा म्हणून येतात, त्यांचं काम गोऱ्या नायिकेला शहाणं करण्यापुरतं उरतं. 'गंक' हे झीन 'गर्ल जर्म्स'नंतर झालेली दुरुस्ती नाही, त्याच काळात, त्याच टपालाने फिरणारं झीन आहे, ही साधी गोष्ट पुस्तकांच्या प्रकरणांत हरवते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या काळाबद्दल हळवेपणाला ऊत आला आहे. सारा मार्कसचा चांगला इतिहास २०१०मध्ये आला, हॅनावरचा माहितीपट २०१३मध्ये, बिकिनी किल २०१९मध्ये पुन्हा एकत्र आला, हॅनाचं आत्मकथन २०२४मध्ये आलं. २०२१च्या 'मॉक्सी' या चित्रपटात शाळकरी मुलीला आईची जुनी पेटी सापडते आणि ती झीन काढते. एका आईकडून एका मुलीकडे सरळ उतरणारी ही वारसाहक्काची गोष्ट पडद्याला सोयीची आहे, आणि न्विनला खटकणारा सरळपणा तो हाच.

या काळातच कागद विद्यापीठांत पोहोचले. न्यू यॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात लिसा डार्म्स या अभिलेखपालाने २००९-१०च्या सुमाराला रायट गर्ल संग्रह सुरू केला, हॅनाने आपलं कागदपत्रांचं कपाटच तिथे दिलं. त्याच शहरात बार्नार्ड कॉलेजात जेना फ्रीडमन ही ग्रंथपाल त्याआधीपासून झीन जमवत होती. तिची पद्धत मला अधिक मानवते: एक प्रत जपून ठेवायची, दुसरी उघड्या मांडणीवर, कोणीही घरी न्यावी अशी.

संग्रह झाला की झीनचा मूळ करार मोडतो. सोळाव्या वर्षी साठ जणींसाठी लिहिलेलं पान आता कोण वाचेल याचा भरवसा नाही. ती मुलगी आज पन्नाशीला टेकली आहे, कोणाची तरी आई, कुठली तरी शिक्षिका, आणि तिच्यावर गुदरलेल्या प्रसंगाचं तिनेच लिहिलेलं वर्णन, त्या माणसाच्या नावासकट, नावाने शोधलं की सापडू शकतं. झीन छापलेलं असतं म्हणजे जाहीर असतं, असं म्हणणं कायद्याला धरून असेल, पण ते अर्धसत्य आहे. झीन-ग्रंथपालांनी २०१५मध्ये एकत्र येऊन आपली नीतिसंहिता लिहिली, तिच्यात लेखिकेला विचारल्याशिवाय झीन नेटवर टाकू नये आणि तिने मागितलं तर काढून घ्यावं, असा आग्रह आहे. सगळं स्कॅन करून सगळ्यांना खुलं करणं म्हणजेच लोकशाही, असं मानणाऱ्या आपल्या काळात हा आग्रह जुनाट वाटेल. मला तो रायट गर्लच्या साऱ्या स्मृतिग्रंथांपेक्षा तिच्या जास्त जवळचा वाटतो. समाजमाध्यमांवर आज कोणतीही मुलगी क्षणात लाखभर लोकांशी बोलू शकते, हे खरं. त्यातले कोणते लाख, हे तिच्या हातात नसतं. तिचं धाडस आणि तिला मिळणाऱ्या धमक्या एकाच वाटेने येतात.

म्हणून झीन संपली नाहीत. पुन्हा निघू लागलेली बरीचशी मात्र सुबक, रंगीत, मर्यादित प्रतींची, भेटवस्तूंच्या दुकानात शोभणारी असतात. त्यांचा मला राग नाही, पण त्यांना वाचकाचा पत्ता नको असतो, ग्राहक हवा असतो. वेगळं काम मुंबईत दिसतं. दार्जिलिंगकडच्या थांगमी या आदिवासी समाजातून आलेली आकी थामी ही चित्रकार झीन काढते, आणि २०१८मध्ये तिने फक्त बायकांनी लिहिलेल्या पुस्तकांची सिस्टर लायब्ररी सुरू केली. आधी ती फिरती होती, मग वांद्र्यात तिने जागा घेतली. तिथे पुस्तकांइतकंच झीनांनाही स्थान आहे, वाचायला आणि करायलाही. तिला रायट गर्लची वारस म्हणावं का? ते नाव तिच्यावर डकवण्याची घाई मी करणार नाही. आपल्या डोंगरातल्या बायकांचं लिहिणं कोणापर्यंत न्यायचं हे ठरवताना ऑलिंपियाची परवानगी तिला लागत नाही.

न्विनचंच पाहा. जुन्या आठवणींच्या या उमाळ्यावर तिच्याइतकं कडक कोणी लिहिलं नसेल, पण २०१२मध्ये तिने आपल्याकडची झीन फेल्सच्या त्याच संग्रहाला दिली. फक्त ती एकटीच्या नावाने दिली नाहीत. गोऱ्या नसलेल्यांची झीन जमवून गावोगाव वाचायला नेणारा 'पीओसी झीन प्रोजेक्ट' हा गट तिने सोबत घेतला आणि त्याचं नाव संग्रहाच्या नावातच घालून घेतलं. बिकसीमचे कागदही तिथेच आहेत. आता हॅनाच्या कपाटासाठी येणाऱ्या अभ्यासकाला संग्रहाच्या यादीत ही नावंही भेटतात, आणि मागणीची चिठ्ठी भरताना त्याला ठरवावं लागतं की कोणते खोके मागवायचे.